एलएफपी की एनएमसी: गाडी ठरवण्याआधी बॅटरी ठरवा

इलेक्ट्रिक गाड्यांच्या शोरूममधला मुलगा रेंज सांगतो, स्क्रीन किती इंचाची ते सांगतो, कर्जाचा हप्ता तर त्याला तोंडपाठ असतो. ‘सेल कुठले, एलएफपी की एनएमसी?’ असं विचारलं की मात्र ‘लिथियम आयन आहे सर’ एवढ्यावर गाडी अडते. अहो, दोन्ही लिथियम आयनच! भाजी कुठली विचारल्यावर ‘शाकाहारी आहे’ म्हणण्यातली गत.

फरक धनाग्राच्या, म्हणजे सेलच्या धन टोकाच्या, पदार्थात आहे. एनएमसीत निकेल, मँगनीज आणि कोबाल्टचा ऑक्साइड. एलएफपीत लोह आणि फॉस्फेट. एलएफपीचा मूळ शोधनिबंध १९९७ चा. टेक्सास विद्यापीठात पाढी, नंजुंडस्वामी आणि जॉन गुडइनफ यांनी तो लिहिला. गुडइनफ यांची डॉक्टरेट भौतिकशास्त्रातली, नोबेल मिळालं रसायनशास्त्राचं, तेही २०१९ मध्ये, वयाच्या ९७ व्या वर्षी. एलएफपी हा पदार्थ स्वस्त खरा, पण वीज वाहून न्यायला अगदीच मठ्ठ. त्याचे कण अतिसूक्ष्म करून वर कार्बनचा लेप दिला, तेव्हा कुठे तो गाडीच्या कामाचा झाला.

आधी वजन. एनएमसीचा चांगला सेल किलोमागे साधारण २५० वॉट-तास साठवतो, एलएफपीचा १६० ते १८०. चाळीस युनिटच्या कारमध्ये म्हणजे नुसत्या सेलचं वजन १६० किलोच्या जागी २२०–२५० किलो. एक धडधाकट पाहुणा कायमचा गाडीत बसल्यासारखं. कारला ते झेपतं. स्कूटरचं तसं नाही. तीन युनिटच्या स्कूटरमध्ये हा फरक पाच-सात किलोंचा होतो, आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बॅटरी काढून न्यायची असेल तर तो रोज खांद्याला कळतो. अशा घरी मी एनएमसीच घ्या म्हणेन.

आता आग. २०२२ च्या उन्हाळ्यात देशभर स्कूटर पेटल्या, त्यातली एक पुण्यात, भर रस्त्यात. एनएमसी अति तापलं की त्याच्या स्फटिकातूनच ऑक्सिजन सुटतो, म्हणून ती आग विझवणं इतकं जिकिरीचं. एलएफपीत ऑक्सिजन फॉस्फरसने घट्ट धरून ठेवलेला असतो, तो सहजी सुटत नाही. धोका शून्य होतो असं नाही, आतला द्रव दोन्हींत ज्वलनशीलच आहे. त्या घटनांनंतर सरकारने एआयएस-१५६ ही बॅटरीच्या सुरक्षेची चाचणी कडक केली आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केली. जुनी स्कूटर घेत असाल तर एप्रिल २०२३ नंतर बनलेलीच बघा, रसायन कुठलंही असो.

आयुष्याच्या बाबतीत जाहिरातीतल्या ‘सायकल’च्या (एक पूर्ण चार्ज म्हणजे एक सायकल) आकड्यांना भुलू नका. एलएफपी दोन-तीन हजार वेळा भरता येते, एनएमसी हजार ते दीड हजार वेळा. आता हिशेब करा. कार एका चार्जमध्ये २०० किलोमीटर जाते आणि तुम्ही वर्षाला १२,००० चालवता, तर वर्षात जेमतेम ६० सायकल. हजार संपायला सोळा वर्षं! घरगुती कारची बॅटरी सायकलने मरत नाही, ती वयाने आणि उन्हाने म्हातारी होते. टॅक्सीवाल्याचं उलट आहे. रोज एक पूर्ण चार्ज म्हणजे हजार सायकल तीन वर्षांत गेल्या. त्याने एलएफपी सोडून दुसरीकडे बघूच नये.

उन्हाचं म्हणाल तर नागपूर-चंद्रपूरकडच्या मंडळींनी हे नीट वाचावं. पूर्ण भरलेली एनएमसी मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली उभी ठेवणं हा तिला सगळ्यात लवकर म्हातारं करायचा मार्ग. म्हणून कंपन्या रोज ८० टक्क्यांवर थांबायला सांगतात. म्हणजे रेंजमध्ये जो फायदा मोजून पैसे दिले, त्यातला बराचसा रोजच्या वापरात मिळतच नाही. एलएफपीला बहुतेक कंपन्या उलट सांगतात: आठवड्यातून एकदा शंभर टक्के भरा. कारण तिचा विद्युतदाब (व्होल्टेज) चार्जच्या मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट राहतो, त्यामुळे बॅटरीत किती उरलंय ते मीटरला कळत नाही. पूर्ण भरली की त्याचा हिशेब पुन्हा जुळतो. भरायला आळस केलात तर काटा वीस टक्क्यांवरून एकदम पाचावर येऊ शकतो, तोही नेमका टोलनाक्याच्या रांगेत.

थंडीत एलएफपी कुरकुरते. शून्याखाली ती चार्ज करणं वाईटच. आपल्याकडे हा प्रश्न लडाखला निघालेल्यांचा. नाशिकच्या डिसेंबरात फार तर चार्जिंग थोडं रेंगाळेल. घाटाचं मात्र दोन्हींना सारखंच लागू. महाबळेश्वरला रात्रभर शंभर टक्के भरून सकाळी पसरणीचा घाट उतरलात, तर ब्रेकमधून परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते. घाटमाथ्यावर ८०–८५ वर थांबा.

लिथियमऐवजी सोडियम वापरणाऱ्या बॅटरीची वाट पाहावी का? पुण्याच्या केपीआयटी कंपनीने आयसर पुणे या विज्ञान संस्थेच्या साथीने केलेलं सोडियम आयन तंत्र डिसेंबर २०२३ मध्ये मांडलं, आनंदच आहे. पण यंदा गाडी हवी असेल तर त्यासाठी थांबू नका.

घरी रात्री प्लग लावायची सोय आणि दिवसाला शे-सव्वाशे किलोमीटरच्या आत फिरणं असेल, तर माझं मत एलएफपी कारला. नेक्सॉन ईव्हीसारख्या गाड्यांत ती मिळते. दर आठवड्याला पुणे-नागपूर करणाऱ्याने एनएमसीचा विचार करावा.

विक्रेत्याला सांगता आलं नाही तर बॅटरीवरची पट्टी वाचा. एलएफपीचा एक सेल ३.२ व्होल्टचा, एनएमसीचा ३.६ ते ३.७ चा. स्कूटरवर ५१.२ व्होल्ट लिहिलं असेल तर ते सोळा गुणिले ३.२, म्हणजे एलएफपी. ५१.८ असेल तर चौदा गुणिले ३.७, म्हणजे एनएमसी. घरच्या इन्व्हर्टरची लिथियम बॅटरी १२.८ व्होल्टची असेल तर तीही एलएफपीच: चार सेल.