वर्गात लाइव्ह ट्रान्सक्राईब वापरायचं असेल तर आधी माईकचं बघा

निकाल आधीच सांगून टाकते. समोरासमोर एकाशी बोलायचं असेल, म्हणजे ऑफिसातला क्लार्क, डॉक्टर, मेसच्या काकू, रूममेट वगैरे, तर गुगलचं लाइव्ह ट्रान्सक्राईब, म्हणजे बोललेलं लगेच अक्षरांत दाखवणारं ॲप, बिनधास्त टाका फोनमध्ये. फुकट आहे, अँड्रॉइडवर चालतं, मराठी कळतं. पण पंख्याखाली तिसऱ्या बाकावर बसून फोन समोर ठेवला की अख्खं लेक्चर स्क्रीनवर येईल असं कुणी सांगितलं असेल तर तसं होत नाही, आणि पैसे भरून दुसरं कुठलं ॲप घेतलं तरी होत नाही. वर्गात सगळा खेळ माईकचा आहे. हे कुणीच नीट सांगत नाही म्हणून एवढं लिहितेय.

माझं थोडक्यात. दोन्ही कानांना ऐकण्याचं मशीन आहे, लॉस (ऐकू येण्यातली घट) ६५ डेसिबलच्या आसपास. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात दोन्ही कानांत ७० डेसिबल लॉस असलेल्यांना बहिरे धरलंय आणि ६० ते ७० वाल्यांना हार्ड ऑफ हिअरिंग, तर मी त्या दुसऱ्या गटात. एम.ए. करतेय, अर्थशास्त्र. मशीन घातलं की आवाज येतो पण शब्द सुटे होत नाहीत, आणि हे लोकांना समजावणं फार अवघड जातं कारण त्यांना वाटतं मशीन घातलंय म्हणजे आता ऐकू येतंय ना, मग झालं. बाकी काम ओठ बघून चालतं, पण सर फळ्याकडे तोंड करून बोलायला लागले की तेही गेलं.

ॲप आलं फेब्रुवारी २०१९ मध्ये. गुगलमधले दिमित्री कानेव्हस्की नावाचे शास्त्रज्ञ यामागे आहेत, ते स्वतः लहानपणापासून बहिरे आहेत, आणि वॉशिंग्टनच्या गॅलोडेट विद्यापीठाला, म्हणजे जे कर्णबधिरांसाठीचंच विद्यापीठ आहे, त्यांना सोबत घेऊन हे बनवलं. वापरताना हे जाणवतं खरंच. अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, बराच वेळ शांतता असेल आणि मग कुणी बोलायला लागलं तर फोन व्हायब्रेट होतो, कोपऱ्यात एक गोल आहे त्यावरून आजूबाजूचा गोंगाट किती आणि बोलणाऱ्याचा आवाज किती पोचतोय ते दिसतं. टाळ्या, हसणं, कुत्र्याचं भुंकणं असले आवाजही लिहून दाखवतं. ज्यांना बोलायला अडचण आहे ते तिथेच टाइप करून समोरच्याला दाखवू शकतात. ऐकू येणाऱ्या माणसाने बनवलं असतं तर तो शांततेनंतरचा व्हायब्रेट सुचला नसता असं मला मनापासून वाटतं. मी पुस्तकात बघत असते आणि वर्गात कुणीतरी बोलायला सुरुवात केलीय हे मला कोण सांगणार? आता फोन सांगतो.

आता वर्ग. बोलणारा माणूस फोनपासून हातभर अंतरावर असेल तर मराठी खूपच छान येतं, विरामचिन्हं सोडा पण वाक्य वाचून अर्थ लागतो. तोच माणूस १५ फूट लांब गेला, वर पंखा, बाहेर हॉर्न, बाक सरकवल्याचा आवाज, मागे दोघंजण कुजबुजतायत, आणि भिंतींवर आपटून येणारा घुमारा, की मग अर्धी वाक्यं गायब. गंमत अशी की फोन बंद पडल्यासारखा दिसत नाही, काहीतरी लिहीतच असतो, त्यामुळे पहिले काही दिवस वाटतं आपल्यालाच विषय समजत नाहीये. तसं नसतं. फोनला ऐकू आलेलं नसतं.

उपाय एकच, बोलणाऱ्याच्या तोंडाजवळ माईक. यूट्यूबवर व्हिडिओ करणारी मुलं कॉलरला लावतात तो छोटा वायरलेस माईक मिळतो, हजार दोन हजारात चालण्यासारखा येतो, रिसीव्हर फोनच्या टाइप-सी मध्ये खुपसायचा, ॲपच्या सेटिंगमध्ये तो माईक निवडायचा, संपलं. मी हा लावायला सुरुवात केली आणि वर्ग बदलला माझ्यासाठी, अतिशयोक्ती करत नाहीये. घेताना दोन गोष्टी बघा. एक, रिसीव्हर लावल्यावर फोनचं चार्जिंगचं भोक अडकतं, तर ज्या रिसीव्हरला स्वतःला चार्जिंगची जागा आहे तो घ्या नाहीतर लागोपाठ लेक्चर असतील त्या दिवशी फोन मरतो. दोन, साडी नेसलेल्या मॅडम असतील तर माईक पदरावर लावू द्यायचा नाही, पदर हलला की खरखर आणि त्या खरखरीत शब्द जातात, दुसऱ्या खांद्याला ब्लाउजच्या गळ्याशी किंवा कॉलर असेल तर कॉलरला. आमच्या मॅडमना आता सवय झालीय, आल्या की स्वतःच हात पुढे करतात, "आण गं तुझा तो माईक."

सगळे असे नाहीत. एका सरांनी वर्गासमोर "रेकॉर्डिंग चाललंय का, फोन आत ठेव" म्हणून मला फोन दप्तरात टाकायला लावला होता. त्या तासाला मी नुसती बसून होते. तर ज्यांना असा अनुभव येईल त्यांनी तास सुरू व्हायच्या आधी जाऊन भेटा आणि स्क्रीन दाखवा. हे ॲप आवाज सर्व्हरवर साठवत नाही असं गुगलने जाहीर केलेलं आहे, लिहिलेला मजकूर ठेवायचा की नाही हे आपल्या हातात असतं आणि ठेवला तरी ३ दिवसांत जातो अशी सेटिंग आहे. म्हणून संध्याकाळी बसून कॉपी करून घ्यायचं, नाहीतर परीक्षेच्या वेळी शोधत बसाल.

भाषेबद्दल मात्र सविस्तर सांगायलाच हवं कारण आपल्याकडचं खरं दुखणं तिथेच आहे. आपले शिक्षक शुद्ध मराठी बोलत नाहीत आणि शुद्ध इंग्रजीही नाही. "प्राइस वाढली की डिमांड कमी होते पण ही जी इलास्टिसिटी आहे ना ती नेसेसिटी गुड्सला लागू करताना जरा बघायचं" असं बोलतात. आपण ठेवली मराठी, तर इंग्रजी शब्दांचं काय होईल सांगता येत नाही, आणि ठेवली इंग्रजी तर मराठी भागाचा चुराडा. ॲपमध्ये दोन भाषा ठेवून एका टॅपवर बदलता येतात पण एका वेळी ऐकतं एकच, आणि वाक्याच्या मधोमध कोण टॅप करत बसणार. मी मराठीच ठेवते. सेटिंगमध्ये आपले स्वतःचे शब्द घालायची सोय आहे तिथे युनिट सुरू व्हायच्या आधी पुस्तकातले शब्द भरून ठेवा, शिक्षकांची आणि वर्गातल्या मुलामुलींची नावंपण.

आणि चुका कशा होतात ते ओळखायला शिका, हे कुठल्याही मशीनच्या ट्रान्सक्रिप्शनला लागू आहे. धडधडीत चूक असेल तर ती दिसते, तिची भीती नाही. भीती अर्थ लागणाऱ्या चुकीची. "सीमांत उपयोगिता" चं "श्रीमंत उपयोगिता" होतं आणि वाचणाऱ्याला वाटतं श्रीमंतांबद्दल काहीतरी चाललंय, वहीत तसंच उतरवलं जातं. त्याहून वाईट म्हणजे "नाही". मराठीत नकार वाक्याच्या शेवटी येतो आणि शिकवणारा माणूस वाक्याच्या शेवटी आवाज खाली आणतो. "किंमत वाढली तरी मिठाची मागणी फारशी घटत नाही" यातलं शेवटचं "नाही" हवेत विरतं आणि स्क्रीनवर अगदी उलटा नियम येतो. म्हणून माझी सवय अशी, नियम, अपवाद, व्याख्या असं काही दिसलं की बाजूला छोटी प्रश्नखूण टाकायची आणि तासानंतर कुणाच्यातरी वहीशी ताडून बघायचं. हे रोज करावं लागतं आणि कंटाळा येतो पण न करून चालत नाही.

पैसे देऊन घ्यायच्या सेवांबद्दल बरेच जण विचारतात. मी एक घेऊन बघितली, नाव लिहीत नाही. इंग्रजी लेक्चरला, बोलणारा स्पष्ट असेल तर सुंदर, नंतर सारांशही काढून देते, कोण बोललं तेही वेगळं दाखवते. पण मराठीला उपयोग शून्य आणि महिन्याच्या मिनिटांची मर्यादा, कॉलेजचे तास चार दिवसांत ती खाऊन टाकतात. ज्यांचं इंजिनिअरिंग वगैरे पूर्ण इंग्रजीत चालतं आणि शिक्षक खरंच इंग्रजीतच बोलतात त्यांनी एक महिना घेऊन बघावं, वर्षाचं एकदम भरू नका. ते पैसे माईकला लावा.

माणसाने केलेल्या लाइव्ह ट्रान्सक्रिप्शनची गोष्टच वेगळी. अमेरिकेत याला कार्ट म्हणतात, कोर्टात असतं तसं स्टेनोचं मशीन घेऊन माणूस बसतो (वर्गात किंवा दूरवरून ऑनलाइन) आणि बोललेलं शब्दन् शब्द स्क्रीनवर येतं. तिथे कोर्ट रिपोर्टरची जी परीक्षा आहे तिची वरची पायरी मिनिटाला २२५ शब्दांची आहे. मी एका परदेशी वेबिनारला हे पाहिलं. बोलणारी बाई खोकली तर कंसात "खोकला" आलं, मागून कुणी प्रश्न विचारला तर तो कुणी विचारला हे आलं, आणि एक आडनाव चुकलं तर दोन सेकंदांत मागे जाऊन दुरुस्त झालं. मला रडू येण्याइतकं बरं वाटलं, कारण त्या तासाभरात मी अंदाज बांधायचं काम करत नव्हते, फक्त ऐकत होते. तिथल्या कॉलेजांवर ही सोय द्यायची कायद्याने जबाबदारी आहे, १९७३ च्या पुनर्वसन कायद्याचं कलम ५०४ आणि १९९० चा एडीए, म्हणजे तिथला दिव्यांगांसाठीचा कायदा. मराठीत असं कुणी करून देणारं मला अजून मिळालेलं नाही. आपल्याकडची मराठी टायपिंगची सरकारी परीक्षा मिनिटाला ३० आणि ४० शब्दांची असते, बोलण्याचा वेग त्याच्या कितीतरी पट, म्हणजे साध्या कीबोर्डवर शब्दन् शब्द पकडणं माणसाला शक्यच नाही.

पण शब्दन् शब्द हवाच असं कुठे आहे? अमेरिकेतल्या रोचेस्टरच्या कर्णबधिरांच्या तांत्रिक संस्थेने सी-प्रिंट नावाची पद्धत काढली त्यात टाइप करणारा माणूस शब्द सोडून अर्थ पकडतो, लघुरूपं वापरून. हे आपण घरगुती पद्धतीने करू शकतो. माझी एक मैत्रीण लॅपटॉपवर गुगल डॉकमध्ये तासाच्या नोट्स टाइप करते, तीच फाइल माझ्याकडे उघडी असते. ॲपवर अख्खं बोलणं पळत असतं आणि डॉकमध्ये तिने गाळून घेतलेलं, "हे परीक्षेला" वगैरे खुणांसकट. ॲपने "श्रीमंत" लिहिलं की तिच्या ओळीत "सीमांत" असतं. दोन्ही मिळून जे होतं ते माझ्यासाठी सर्वात चांगलं. ती हे स्वतःच्या अभ्यासासाठीही करतेच, तरी मला वाटतं कॉलेजने अशा मुलांना मानधन दिलं पाहिजे, कुणाच्या चांगुलपणावर कुणाचं शिक्षण टांगून ठेवणं बरोबर नाही.

मर्यादा अजून आहेत. डोळे दोनच आहेत, स्क्रीन वाचली तर फळा सुटतो, आलेख काढत असताना तर हमखास. फोन स्टँडवर असा लावा की नजरेच्या एकाच रेषेत फळा आणि फोन येईल, पहिल्या बाकावर मध्यभागी. मजकूर थोडा उशिरा येतो, त्यामुळे सरांनी प्रश्न विचारला की मी वाचेपर्यंत कुणीतरी उत्तर दिलेलं असतं, वर्षानुवर्षं लोकांना वाटत आलंय की हिला येत नाही. गटचर्चेत सगळे एकदम बोलतात तिथे ॲप साफ हरतं, माईक हातातून हातात फिरवायला लावा, ज्याच्या हातात माईक तोच बोलणार. जुन्या दगडी इमारतीत नेट नसेल तर ऑफलाईन पॅक डाउनलोड करायची सोय आलीय, ती आपल्या फोनला आणि भाषेला मिळतेय का हे सेटिंगमध्ये बघून घ्या.

आणि एक गोष्ट शिक्षकांनी वाचावी म्हणून लिहिते. कॅप्शन लावलं म्हणजे सगळ्या कर्णबधिर मुलांचं झालं असं नाही. ज्यांची पहिली भाषा भारतीय सांकेतिक भाषा आहे त्यांना भरभर पळणारं मराठी वाचणं म्हणजे परक्या भाषेत शिकणं आहे. त्यांना दुभाषाच लागतो. आमच्याच कॉलेजात एका मुलाला "ही वापरते तेच ॲप तू वापर" असं सांगून वाटेला लावलं गेलं, ते मला अजिबात पटलं नाही.

मागायचं असेल तर लेखी मागा. यूजीसीने २०२२ मध्ये उच्च शिक्षण संस्थांसाठी सुगम्यतेच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यांचा आणि २०१६ च्या कायद्याचा उल्लेख करा, यूडीआयडी कार्डाची (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राची) झेरॉक्स जोडा, अर्ज समान संधी कक्षाकडे द्या आणि पोच घ्या. अर्जात "ट्रान्सक्रिप्शनची सोय करावी" एवढंच लिहिलं तर "ॲप फुकट आहे ना" म्हणून परत येतो, माझा आला होता. दुसऱ्यांदा मी लिहिलं: प्रत्येक शिक्षकाने कॉलर माईक लावावा, माईक विभागाने खरेदी करावा, युनिटच्या नोट्स आणि नवीन शब्दांची यादी आदल्या दिवशी मेल करावी, मुलांनी विचारलेला प्रश्न शिक्षकाने माईकवर पुन्हा म्हणावा. यातले पहिले तीन मंजूर झाले. चौथ्याचा पाठपुरावा चालू आहे.