‘कॉम्प्रेसर जळाला’ असे सांगून झालेली फसवणूक : डीप फ्रीझर वापरणाऱ्या दुकानदारांसाठी

दारव्हा तालुक्यातील आमच्या गावी माझे किराणा आणि दूध-दह्याचे दुकान आहे. ऐन लग्नसराईत, पारा ४५ अंशांच्या आसपास असताना, दुकानातील डीप फ्रीझर बंद पडला. कॉम्प्रेसर जळाल्याचे सांगून एका मेकॅनिकने माझ्याकडून ८,५०० रुपये घेतले आणि नव्याच्या नावाखाली माझाच जुना कॉम्प्रेसर रंगवून परत बसवून दिला. उन्हाळा आला की आमच्या भागातील दुकानदारांवर हाच प्रसंग येतो, म्हणून हा प्रकार कसा चालतो आणि तो कुठे पकडता येतो, हे सविस्तर लिहीत आहे.

फ्रीझरची लक्षणे साधी होती. बटण दाबले की कॉम्प्रेसर काही सेकंद घुमल्यासारखा आवाज करायचा, मग ‘टक्’ असा आवाज होऊन बंद पडायचा आणि काही मिनिटांनी पुन्हा तेच. हा ‘टक्’ आवाज ओव्हरलोडचा, म्हणजे मोटरला वाचवणाऱ्या छोट्या स्विचचा असतो. मोटर सुरू न होता नुसतीच वीज खेचू लागली की ती जळू नये म्हणून ओव्हरलोड पुरवठा तोडतो. मोटर सुरू न होण्याची कारणे अनेक असतात : व्होल्टेज कमी असणे, स्टार्टिंग रिले (मोटर सुरू करून देणारा छोटा भाग) खराब होणे, मोठ्या यंत्रात स्टार्ट कपॅसिटर उतरणे, कॉम्प्रेसर आतून जाम होणे किंवा वाइंडिंग (मोटरमधील तारेचे वेटोळे) जळणे. यांतील पहिली तीन कारणे बाहेरची आणि स्वस्तात दुरुस्त होणारी आहेत, म्हणून तपासणीची सुरुवात तिथूनच व्हायला हवी.

मेकॅनिकने यांपैकी काहीच तपासले नाही. त्याने टर्मिनलचे झाकण काढले, सिरीज लॅम्पची, म्हणजे बल्ब जोडलेल्या तपासणीच्या तारांची दोन टोके कॉम्प्रेसरच्या दोन पिनांना लावली, बल्ब लख्ख पेटला आणि तो म्हणाला, “पाहा काका, शॉर्ट आहे. कॉम्प्रेसर जयला. आता नवाच टाका लागते.” डोळ्यांसमोर बल्ब पेटलेला असताना सामान्य माणूस काय बोलणार? परंतु ही निव्वळ हातचलाखी होती. त्या दोन पिनांच्या मध्ये तांब्याच्या तारेचे वाइंडिंगच असते, त्यामुळे चांगल्या कॉम्प्रेसरवरही तिथे बल्ब पेटतो, किंबहुना पेटलाच पाहिजे. बॉडी शॉर्ट आहे की नाही, म्हणजे वीज बाहेरच्या कवचात उतरते का, हे पाहायचे असेल, तर एक टोक पिनेला आणि दुसरे रंग खरवडून उघड्या केलेल्या धातूला लावावे लागते. तिथे बल्ब पेटला, तरच कॉम्प्रेसर बॉडीला शॉर्ट आहे. त्याने बॉडीला टोक लावलेच नाही.

त्यानंतर नळ्या कापून, सगळा गॅस हवेत सोडून तो कॉम्प्रेसर आपल्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. परत आणला तेव्हा त्यावर काळा रंग चकाकत होता. नळ्या जोडून गॅस भरला आणि फ्रीझर चालू झाला. जुना कॉम्प्रेसर मागितला, तेव्हा तो “एक्स्चेंजमध्ये जमा झाला” असे उत्तर मिळाले. काही आठवड्यांत फ्रीझर पुन्हा तसाच घुमू लागला आणि या वेळी मेकॅनिकने फोन उचलणे बंद केले.

खरा प्रकार उघड केला तो आमच्याच गावच्या एका तरुणाने. त्याने आयटीआयमधून रेफ्रिजरेशनचा ट्रेड केला असून तो नागपूरला काम करतो आणि तेव्हा लग्नानिमित्त गावी आला होता. त्याने प्रथम प्लग काढला, कॉम्प्रेसर पूर्ण थंड होऊ दिला आणि मग रिले व ओव्हरलोड ओढून काढून बाजूला ठेवले. थंड होऊ देणे महत्त्वाचे आहे. काही कॉम्प्रेसरांत ओव्हरलोड आतच असतो आणि तो तापून उघडला असेल, तर कॉमन (दोन्ही वाइंडिंगना सामायिक) पिनेपासून काहीच रीडिंग येत नाही व चांगले वाइंडिंगही तुटल्यासारखे दिसते. मग त्याने मल्टिमीटरने तिन्ही पिना मोजल्या. कॉमन ते रनिंग सुमारे ७ ओहम, कॉमन ते स्टार्टिंग १५ आणि रनिंग ते स्टार्टिंग २२ आले. आकडे मॉडेलप्रमाणे बदलतात, परंतु पहिल्या दोहोंची बेरीज तिसऱ्याएवढी आली पाहिजे, आणि इथे ती बरोबर येत होती. कोणत्याही पिनेपासून बॉडीपर्यंत काहीही रीडिंग नव्हते. साधा मीटर कमकुवत इन्सुलेशन पकडू शकत नाही, त्यासाठी ५०० व्होल्टचा मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लागतो. तो त्याने दुसऱ्या दिवशी मागवून लावला. त्यातही दोष निघाला नाही.

मग त्याने तो छोटा रिले माझ्या कानाशी हलवून दाखवला. आत तुकडे खुळखुळत होते. अशा रिलेमध्ये एक चकती असते. थंड असताना ती स्टार्टिंग वाइंडिंगला वीज जाऊ देते आणि मोटर सुरू होताच तापून तो पुरवठा जवळजवळ तोडते. ती फुटली की मोटर नुसती घुमते. नवा रिले आणि ओव्हरलोड मिळून ३५० रुपये लागले आणि फ्रीझर लगेच चालू झाला. मेकॅनिकनेही पहिल्या वेळी एवढेच केले असणार : हलका रिले बसवला आणि कॉम्प्रेसरचे पैसे घेतले.

रंगाचा उलगडाही तिथेच झाला. कॉम्प्रेसरवरील नावपट्टीवर थिनरचा बोळा फिरवताच खालचा सीरियल नंबर दिसू लागला. माझ्या मुलाने पहिल्या बिघाडाच्या वेळी यवतमाळच्या दुकानात नव्याची किंमत विचारण्यासाठी त्याच पट्टीचा फोटो मोबाइलवर काढून पाठवला होता. दोन्ही नंबर अक्षरशः एकच होते. नळ्यांतील ओलावा व कचरा धरणारा फिल्टर ड्रायरही जुनाच होता, वास्तविक नळ्या उघडल्या की तो बदलायचा असतो. जो माणूस गॅसची नळी कापतो आणि ड्रायर बदलत नाही, त्याला यंत्राच्या आयुष्याशी काही देणेघेणे नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

रिले पुन्हा पुन्हा का जातो, हेही त्या तरुणाने समजावले. आमच्याकडे वीज जाते आणि क्षणात परत येते. चकतीला थंड व्हायला आणि नळ्यांतील दाब समान व्हायला काही मिनिटे लागतात. त्याआधीच वीज आली, तर मोटर दाबाविरुद्ध उठू शकत नाही. म्हणून आता टाइम डिले असलेला, म्हणजे वीज आल्यावर काही मिनिटे थांबून पुरवठा देणारा स्टॅबिलायझर बसवला आहे.

आपल्याकडे कोणी ‘कॉम्प्रेसर गेला’ म्हणाला, तर नळी कापण्याआधी या चाचण्या समोर करून मागाव्यात आणि नावपट्टीचा फोटो काढून ठेवावा. झाकण उघडे असताना वीज चालू करून स्वतः हात घालू नये. अलीकडच्या अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए हा पेट घेणारा गॅस असतो, त्यामुळे जोडकाम तर जाणकारानेच करावे. ‘गॅस संपला’ असे कोणी म्हणाल्यास गळती कुठे आहे ते दाखवायला सांगावे, कारण बंद नळ्यांतील गॅस वापरून संपत नाही. बिलावर कॉम्प्रेसरचा मेक, मॉडेल व सीरियल नंबर लिहून घ्यावा आणि काढलेला जुना भाग आपल्याच ताब्यात ठेवावा.

माझ्याकडे बिल, नावपट्टीचे आधीचे व नंतरचे फोटो आणि फुटका रिले आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते आणि ५ लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारासाठी तक्रार शुल्क लागत नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. मी तक्रारीचा अर्ज तयार केला असून त्यात गॅसचे आणि वाया गेलेल्या दुधाचे पैसेही मागितले आहेत.