४९ रुपयांचं पुस्तक शेवटी कितीला पडतं

माझी नोकरी पाचोऱ्याला, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये. घर भुसावळला, रेल्वे क्वार्टरमध्ये. मधे ७० किलोमीटरच्या आसपास. म्हणजे रोजचं अपडाउन, आणि लेडीज डब्यात बसायला जागा मिळाली तर जाऊन-येऊन अडीच तास हातात. या अडीच तासांत गेली दोन वर्षं मी स्वस्तातली ई-पुस्तकं वाचतेय. स्वस्तातली म्हणजे शंभराच्या आतली आणि फुकटची.

लॅबमध्ये सॅम्पल आलं की रजिस्टरला नोंद करायची, ही सवय हाताला लागलेली. म्हणून पुस्तकांचंही रजिस्टर घातलं. नाव, किंमत, कुठवर वाचलं. पहिल्या पाडव्याला बेरीज मारली तर ३१ पुस्तकं, २,४८० रुपये. सरासरी ८० रुपये. मी खूश. मग शेवटचा रकाना बघितला. पुरी वाचून झालेली फक्त १४. त्या हिशेबाने एक वाचलेलं पुस्तक पडलं १७७ रुपयांना. एवढ्यात जुन्या पुस्तकांच्या गाडीवर दोन जाडजूड कादंबऱ्या येतात, आणि वर त्या डब्यात पाच जणींत फिरतात. ई-पुस्तक फिरत नाही. आपण पुस्तक घेतो असं वाटतं, पण घेतो ती फक्त वाचायची परवानगी. शिरसोलीला चढणारी आमची एक मैत्रीण आहे, ती मागून मागून थकली. आता नुसती विचारते, "काय वाचू राहिली वं?" आणि मी गोष्ट सांगायची. परवानगीपत्रात याला बंदी नाही.

तर ती १७ का अडकली, ते सांगते. पैसे माझे गेलेत, तुमचे वाचतील.

रहस्यकथांमध्ये मी सगळ्यात जास्त मार खाल्ला. ४९ रुपये, झकास कव्हर, अंधारा वाडा, लाल अक्षरं. भुसावळला उघडलं आणि पुढचं भादली स्टेशन जायच्या आत संपलं. २२ पानं! शेवटच्या पानावर 'भाग दुसरा लवकरच'. चूक माझी, कारण पानांची संख्या तिथेच खाली लिहिलेली असते, मी बघितली नव्हती. आता किमतीआधी पानं बघते. शंभराच्या खाली पानं असतील तर ती कथा आहे, कादंबरी नाही, आणि मग ४९ म्हणजे स्वस्त नाही.

अनुवादित पुस्तकांत अजून वाईट अनुभव. आरोग्यावरचं एक अनुवादित पुस्तक सेलमध्ये ५९ ला घेतलं. दुकानाचं आणि प्रकाशकाचं नाव घेत नाही. तिसऱ्या प्रकरणात वाक्य आलं की डॉक्टरांनी 'रक्ताची संस्कृती' तपासायला सांगितली. मी दोनदा वाचलं. मग उलगडलं, ब्लड कल्चर, म्हणजे रक्तात जंतू वाढतात का ते बघायची तपासणी! आम्ही लॅबमध्ये ते आठवडाभर म्हणत होतो, "ताई, पेशंटची संस्कृती आली का?" करमणूक झाली, पण ५९ रुपये त्यासाठी दिले नव्हते. परत जाऊन बघितलं तर पुस्तकावर अनुवादकाचं नावच नव्हतं. तेव्हापासून नियम एकच: अनुवादकाचं नाव नसेल तर हात लावायचा नाही. माणसाने अनुवाद केला असेल तर तो नाव लावल्याशिवाय राहत नाही.

नमुना वाचून घ्या, असं सगळेच सांगतात. बरोबर आहे. पण मराठी पुस्तकात नमुना म्हणजे काय? सुरुवातीचा थोडा भाग. त्यात अर्पणपत्रिका, प्रस्तावना, मनोगत, दुसऱ्या आवृत्तीचं मनोगत, ऋणनिर्देश. ज्यांनी कॉम्प्युटर दिला त्यांचे आभार, ज्यांनी चहा दिला त्यांचे आभार. 'प्रकरण पहिलं' असं दिसतं आणि नमुना संपतो. यावर माझा उपाय म्हणजे एक तारा दिलेली परीक्षणं. पाच तारे भाचे-पुतणे देतात. एक तारावाला मात्र रागाने खरं सांगून जातो: जोडाक्षरं तुटलीत, प्रकरणं दोनदा आलीत, शेवट गायब आहे. 'मला कथा आवडली नाही' असा एक तारा असेल तर मी सोडून देते. 'फाइल खराब' असा असेल तर पुस्तक सोडते. आणि किंडलवर (अ‍ॅमेझॉनचं ई-पुस्तकांचं दुकान, वाचायच्या यंत्राचंही नाव तेच) चुकून घेतलं गेलंच, तर सात दिवसांच्या आत परत करता येतं, हे मला वर्षभराने कळलं.

किंडलवर नव्या मराठी लेखकांचं स्वतःच टाकलेलं पुष्कळ असतं. ९९ हा आकडा तिथे एवढ्यांदा का दिसतो, याचं मला नवल वाटायचं. स्वतः प्रकाशित करणाऱ्याला तिथे दोन दरांनी हिस्सा मिळतो, ३५ टक्के किंवा ७० टक्के, आणि सत्तरचा हवा तर किंमत ठरावीक आकड्याच्या खाली आणून चालत नाही. हे कळल्यापासून मी ९९ ला घासाघीस मनातही करत नाही. माझं दोन वर्षांतलं सगळ्यात चांगलं विकतचं पुस्तक ९९ चंच. कापूस खरेदी केंद्रावरची कादंबरी, काट्यावर गाडी लावून रात्र काढणाऱ्या माणसांची. लेखक नवा, चुका थोड्या आहेत, पण भाव सांगतानाची त्याची वाक्यं ऐकून आमचे मामा आठवले. ते पण असेच ओलाव्याची टक्केवारी सांगताना आवाज खाली आणायचे.

किंडल अनलिमिटेड, म्हणजे महिन्याचे पैसे भरून पुस्तकं वाचायची योजना, तीही तीन महिने घेऊन बघितली, तेव्हा महिन्याला १६९ रुपये होते. एका वेळी २० पुस्तकं उतरवून ठेवता येतात, पैसे भरणं थांबवलं की सगळी जातात. महिन्याला तीन पुरी करणाऱ्यासाठी ठीक. मी दोनच करते, मग ते नळ उघडा ठेवून लोटा भरल्यासारखं वाटतं. बंद केलं.

आता फुकटचं. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण खरा माल इथे आहे, आणि पहिल्या वर्षी मी यातलीच पाच पुस्तकं पैसे देऊन घेतली होती. 'श्यामची आई'सुद्धा! आपल्याकडे लेखक गेल्यावर पुढच्या १ जानेवारीपासून ६० वर्षं मोजतात, मग लेखन सगळ्यांचं होतं. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणजे २०११ पासून त्यांचं लेखन मोकळं. मराठी विकिस्रोतावर, म्हणजे इंटरनेटवरच्या मोफत ग्रंथालयात, टाइप केलेलं पडलंय. अमळनेरला गुरुजी जिथे शिकवायचे त्या शाळेवरून मी कितीदा गेले असेन, आणि पुस्तक मात्र कुठल्यातरी परगावच्या विक्रेत्याकडून घेतलं.

बालकवी तर माझ्या रोजच्या रुळावरचे. जन्म धरणगावचा, आणि १९१८ च्या ५ मेला भादलीला रेल्वेखाली सापडून गेले. वयाची २८ वर्षंही पुरी नव्हती. भादली म्हणजे भुसावळ आणि जळगावच्या मधलं छोटं स्टेशन, आमची गाडी तिथे एक मिनिट थांबते, कधी बाजूला काढली तर वीस. शाळेत कविता पाठ होत्या, पण एकेक सुटी. एका एप्रिलमध्ये गाडी तिथेच अडकली, खिडकीतून लू आत येत होती, आणि मी त्यांच्या कविता एकामागून एक वाचत बसले. पिवळं गवत, तापलेले रूळ, आणि हातात सगळं हिरवं-निळं. समोरची बाई म्हणाली, "ताई, डोळ्यात कचरा गेला का?" मी हो म्हणाले.

भादलीहून आसोदं जवळच, बहिणाबाईंचं माहेर. त्या १९५१ साली गेल्या, गाणी पुस्तकात आली १९५२ साली. तीही आता मोकळी. पण इथे एक सावधगिरी. मी आधी ६० रुपयांची एक ई-आवृत्ती घेतली होती, सासूबाईंना वाचून दाखवायला. त्यांचं माहेर यावल तालुक्यातलं, बोली लेवा. अक्षर एवढं मोठं केलं की पडद्यावर पाचच ओळी मावत होत्या. मी चार ओळी वाचल्या आणि त्यांनी हात वर केला. "थांब. हे आपलं नाई." मला वाटलं मी चुकले. पुन्हा वाचलं. त्या म्हणाल्या, "मानूस म्हन. माणूस काय? आपून कधी म्हनतो माणूस?" बघते तर त्या आवृत्तीत कुणीतरी सगळं शुद्ध करून ठेवलेलं. पानीचं पाणी, मानूसचं माणूस. प्रूफ तपासणाऱ्याने बिचाऱ्याने पुण्याच्या शाळेत शिकवलेलं इमाने-इतबारे लावलं असेल. पण ओळीचा तोलच गेला. मग फुकटातलं आणि माझ्या आईकडचं जुनं छापील, असं दोन्ही शेजारी ठेवून आम्ही एक आठवडा ताडून बघितलं. सासूबाई न वाचता चुका पकडायच्या. ६० रुपयांत मला मोफत प्रूफरीडर सापडला, एवढाच त्यात फायदा.

इतिहासाची आवड असेल तर इंटरनेट आर्काइव्ह, जुन्या पुस्तकांचं मोफत संकेतस्थळ. इतिहासकार वि. का. राजवाडे धुळ्यात १९२६ साली गेले, त्यांचं लेखन स्कॅन करून तिथे आहे. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची पुस्तकंही पीडीएफमध्ये मोफत मिळतात, आणि ती लोककलांपासून विज्ञानापर्यंत कशावरही असतात. अडचण एकच, स्कॅन म्हणजे पानाचा फोटो. अक्षर मोठं होत नाही, शब्द शोधता येत नाही, सहा इंची पडद्यावर मुंगीच्या रांगा दिसतात. मी ती गाडीत वाचत नाही. घरी लेकाच्या टॅबवर, रविवारी, भरीत-भाकरी झाल्यावर.

लेकासाठी म्हणाल तर प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर. चित्रांच्या गोष्टी, मराठीतही, फुकट. अरविंद गुप्तांच्या संकेतस्थळावर विज्ञानाची आणि खेळण्यांची मराठी पुस्तकं आहेत, त्यातून त्याने काडेपेट्या आणि सायकलची ट्यूब वापरून काय काय केलं, ते माझ्या गॅसपाशी आता काडेपेटी सापडत नाही यावरून समजा. नव्या मराठी लेखनासाठी ई-साहित्य प्रतिष्ठान, तेही मोफत. निवडायला वेळ द्यावा लागतो, कारण गहू आणि खडे एकाच सुपात आहेत.

इंग्रजीसाठी प्रोजेक्ट गुटेनबर्ग. १९७१ पासून चाललंय, ७० हजारांवर पुस्तकं. शेरलॉक होम्सच्या कथा मी ९९ रुपये देऊन घेतल्या आणि नंतर तिथे फुकट दिसल्या, त्या दिवशी मी नवऱ्याला सांगितलंच नाही. हीच जुनी पुस्तकं नीट सजवून, चुका काढून स्टँडर्ड ई-बुक्सवर मिळतात. मी तिथूनच ईपब, म्हणजे ई-पुस्तकाची फाइल, घेते आणि किंडलला पाठवते. शब्दावर बोट ठेवलं की अर्थ येतो, त्यामुळे माझ्यासारख्या मराठी माध्यमवालीलाही होम्स जमला. माणूस रसायनांत बोटं घालून रक्ताची परीक्षा करतो, तो तर आमच्याच धंद्यातला.

पाककृतींची स्वस्त पुस्तकं घेऊ नका. एकात खानदेशी शेवभाजीत साखर होती.

यंत्राबद्दल थोडं. नवऱ्याने शेडमधल्या सहकाऱ्याकडून जुनं किंडल ३,५०० ला आणलं, तेव्हा मी कटकट केली होती. पण मे महिन्यात खिडकीशी बसलं की फोन तापून मंद होतो आणि उन्हात काही दिसत नाही. किंडलचा पडदा ऊन पडलं की उलट स्वच्छ दिसतो. आमच्याकडे ऊन तर फुकटच. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर नव्या पुस्तकांच्या चोरीच्या पीडीएफ फिरतात, त्या मात्र मी त्यात टाकत नाही. कापूसवाल्या कादंबरीच्या लेखकाला माझ्या ९९ मधून काय ते मिळालं असेल, पण मिळालं.

दुसऱ्या पाडव्याचं रजिस्टर असं: विकतची १२, खर्च १,०६८ रुपये, पुरी वाचलेली १०. एक वाचलेलं पुस्तक १०७ ला पडलं. फुकटची १९ वाचली, ती या हिशेबात धरलेली नाहीत. धरली असती तर नवरा म्हणाला असता, मग मशीनचे ३,५०० पण धर.

तारे द्यायचेच तर विकिस्रोत आणि स्टँडर्ड ई-बुक्सला पाच. स्टोरीवीव्हरला पाच, काडेपेट्यांचा राग धरत नाही. सेलमधल्या ४९ वाल्या रांगेला दोन. संध्याकाळी मात्र किंडल माझ्याकडे नसतं. सासूबाई शेजारच्या दोघींना बोलावून बसतात, धाकटी जाऊ वाचते, आणि ओसरीवरून मधेच आवाज येतो, "थांब. हे आपलं नाई."