काथ्याची जाळी: उघड्या मुरुमाच्या उतारासाठी घ्यावी का?

घ्यावी, पण ती अंथरली की उतार हिरवा होईल असं समजू नये. मुलुंड-भांडुपकडे टेकडी कापली की वरची माती डंपरने जाते आणि उरतो मुरुम. त्यात लोह, चुना असतो. नसतो तो नत्र आणि सेंद्रिय अंश. जाळी यातलं काही देत नाही. ती बी वाहून जाऊ देत नाही, आणि पहिल्या पावसाळ्यात तेच मोलाचं.

७०० ग्रॅम प्रति चौरस मीटरची घ्या. ४०० ग्रॅमची स्वस्त, पण तिची भोकं मोठी. जुलैच्या सरींत बी निसटतं. आत नायलॉनचे धागे असतील तर परत करा, त्यात साप-सरडे अडकतात.

मे संपता संपता लावा. माथ्यावर ३० सेंमी खोल चरात टोक पुरून गुंडाळी खाली सोडा. शेजारच्या पट्ट्या १५ सेंमी एकमेकींवर, मीटरभर अंतरावर ‘यू’ आकाराची सळई. बहुतेक कामं बिघडतात ती जाळी ताणल्यामुळे. खळग्यांवर ती अधांतरी राहते, पाणी खालून धावतं. वरून जाळी शाबूत दिसते आणि बी सगळं पायथ्याशी. म्हणून आधी खळगे भरा, दगड काढा.

जाळीखाली मारवेल, पवना, कुसळी ही गवतं: १० चौरस मीटरला ५० ते १०० ग्रॅम बी, चाळलेल्या शेणखतात मिसळून. कुसळीच्या बीचं कूस, म्हणजे केसासारखं लांब टोक, ओलं-सुकं होताना पीळ घेतं आणि बी स्वतःच जमिनीत शिरतं, फार सुंदर योजना आहे ती! सोबत ताग, पण विरळ, नाहीतर गवतावर सावली धरतो. त्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतला नत्र बांधतात. अमेरिकेत माउंट सेंट हेलेन्स ज्वालामुखीच्या १९८० च्या स्फोटानंतर प्युमिसच्या, म्हणजे ज्वालामुखीच्या सच्छिद्र दगडाच्या, उजाड माळावर सुरुवातीला तग धरणारी ल्युपिन ही वनस्पतीही तागासारखी शेंगावर्गीयच. फुलोऱ्यावर ताग कापून तिथेच पसरा.

वर लाल मातीचा थर मात्र नको. भिजला की मुरुमावरून घसरतो, शिवाय गाजरगवत आणि सुबाभूळ घेऊन येतो. सुबाभूळ वीतभर असतानाच मुळासकट उपटा. नंतर तोडली तरी फुटते.

काथ्या साधारण २-३ वर्षांत कुजतो. तोवर गवताची मुळं धरली, तर धायटी, करवंद मागून येतात. उभ्या कातळावर ही जाळी घेऊच नका, सळई शिरत नाही. तिथे भेगांत पाखरांच्या विष्ठेतून वड, पिंपळ, उंबर उगवतात, ते राहू द्या.