शर्यतीची वेळ: स्टॉपवॉच, बिबवरची चिप की ट्रान्सपाँडर?

रंकाळ्याभोवती पहिलीच दौड भरवणाऱ्या मंडळासाठी हे लिहितोय. माझं मत आधीच सांगतो: शंभर-दीडशे धावपटूंपर्यंत स्टॉपवॉच आणि चार तयार माणसं पुरतात. त्यापुढे बिबवरची (छातीवरच्या क्रमांकाच्या कागदावरची), रेषा ओलांडताच आपोआप नोंद देणारी चिप घ्या, तीही भाड्यानं. धावण्यासाठी ट्रान्सपाँडरच्या, म्हणजे मोटारींवर बसवतात त्या संदेश पाठवणाऱ्या यंत्राच्या, मागे लागू नका.

हा फरक कळायला या धंद्याची वाढ पाहावी. नेदरलँड्समधली एएमबी ही वेळ मोजणारी कंपनी १९८२ साली रिमोटवरच्या छोट्या गाड्यांच्या शर्यतींपासून सुरू झाली आणि पुढे खऱ्या मोटारींपर्यंत पोहोचली. तिथल्याच चॅम्पियनचिप कंपनीची चिप १९९०च्या दशकात धावपटूंच्या बुटाच्या नाडीला बांधली जाऊ लागली. १९९६च्या शंभराव्या बोस्टन मॅरेथॉनला सुमारे ३८ हजार नोंदी होत्या, तिथं ती वापरली गेली. २००८ मध्ये या दोन कंपन्या एकत्र येऊन मायलॅप्स झाली. मोटारीवर बसणारा ट्रान्सपाँडर स्वतःच्या विजेवर संदेश पाठवतो, म्हणून भरधाव गाडीची फेरीही चुकत नाही. पण तो महाग आणि परत घ्यावा लागणारा. धावपटूच्या चिपला बॅटरीच नाही, रेषेवर अंथरलेल्या मॅटमधल्या अँटेनाच्या लहरींवरच ती जागी होते. म्हणून हजारोंना वाटता येते. कार्टिंगसाठी पहिला, दौडीसाठी दुसरी.

आज बुटाऐवजी छातीवरच्या बिबमागे पातळ चिकटपट्टीसारखी चिप येते. ती परत गोळा करावी लागत नाही, हे मोठं सुख. मात्र आपल्याकडे तिचे वाचक (चिप टिपणारी यंत्रं) ८६५ मेगाहर्ट्झच्या आसपास चालतात आणि त्या लहरी पाणी शोषून घेतं. माणसाचं अंगही बहुतांशी पाणीच. जुलैतल्या कोल्हापुरी पावसात बिब ओल्या अंगाला चिकटलं, त्यावर रेनकोट आणि पाण्याच्या बाटलीचा पट्टा आला, की नोंद निसटू शकते. चिपमागे फोमची पट्टी असेल तर ती अंगापासून जरा दूर राहते. ती आहे का ते आधी विचारा. बिब सरळ, पुढच्या बाजूलाच लावायचं, दुमडायचं नाही, हे माइकवरून पुन्हा पुन्हा सांगा. आणि न वाटलेली बिबं समाप्तीरेषेजवळच्या टेबलावर ठेवू नका. मॅट त्यांनाही वाचते आणि घरी झोपलेला माणूस निकालात चढतो.

रंकाळ्याला दोन-तीन फेऱ्या असतील तर पलीकडच्या काठावर दुसरी मॅट हवीच. एका मॅटवर मधूनच परतलेला सापडत नाही. खर्च वाढला तरी इथं हात आखडू नका.

बक्षिसाचा प्रश्न वेगळा. वर्ल्ड ॲथलेटिक्स या जागतिक संघटनेच्या नियमात अधिकृत वेळ बंदुकीच्या आवाजापासून धरतात. धावपटूनं आरंभरेषा ओलांडल्यापासूनची चिपवेळ फक्त माहितीसाठी. मागं उभ्या राहिलेल्याला चिपवेळच न्याय्य वाटते, म्हणून बक्षीस कशावर ते नोंदणीच्या पानावरच छापा. पहिल्या तिघांत चुरस असेल तर चिपवर विसंबू नका: क्रम धावपटूचं धड (छाती-पोटाचा भाग) रेषेवर कधी आलं यावर ठरतो आणि चिप थोडी अलीकडे-पलीकडे वाचली जाते. तिथं रेषेवर कॅमेरा लावा. बैलगाडी शर्यतीतही दोन गाड्या एकदम आल्या तर हाच उपाय.

टायमिंगवाल्यांशी बोलताना दरापेक्षा आधी हे विचारा: राखीव वाचक आणेल का, वीज गेली तर बॅटरी किती तास चालेल, आणि कच्च्या नोंदी त्याच दिवशी तुमच्या हातात देईल का. तिन्हींना होकार असेल त्यालाच आगाऊ रक्कम द्या, आणि तरीही रेषेवर स्टॉपवॉच व वही घेऊन दोघांना बसवा.