आधी फेस, मग पाते: पारंपरिक दाढीचा काही महिन्यांचा अनुभव

गेले बरेच महिने मी रोजची दाढी ब्रश, साबणाची वडी आणि एकाच दुधारी पात्याचा रेझर घेऊन करत आहे. त्याआधी डब्यातला तयार फोम आणि अनेक पात्यांचे कार्ट्रिज असा सरधोपट प्रकार होता आणि दाढी हे आंघोळीआधी कसेबसे उरकायचे काम होते. नव्या सामानाची नवलाई ओसरेपर्यंत त्याविषयी काही लिहायचे नाही, असे मनाशी ठरवले होते. आता ती पुरती ओसरली आहे, तरीही सकाळचा हा वेळ हवाहवासा वाटतो, म्हणून हा अनुभव सविस्तर मांडत आहे. एक मत सुरुवातीलाच नोंदवतो, कारण पुढचा बहुतेक मजकूर त्याच्याशी निगडित आहे. या पद्धतीचे कौतुक करणारे लोक प्रामुख्याने रेझरविषयी बोलतात. पण माझ्या अनुभवात दाढी चांगली होणार की नाही, हे पाते गालाला लागण्यापूर्वीच, पाणी आणि फेस यांच्या टप्प्यावर ठरलेले असते.

दाढीचा कोरडा केस चांगलाच चिवट असतो. तो केराटिन या प्रथिनाचा बनलेला असून पाणी शोषल्यावर त्याची जाडी सुमारे १५ टक्क्यांनी वाढते, तो मऊ पडतो आणि कापण्यासाठी लागणारा जोर बराच कमी होतो. मात्र हे क्षणात घडत नाही, त्याला दोन-तीन मिनिटे द्यावी लागतात. डब्यातला फोम हातावर घेऊन गालाला फासला की माणूस लगेच पाते चालवू लागतो आणि नेमकी हीच मिनिटे हुकतात. ब्रशने फेस करायचा म्हटले की ती आपोआप मिळतात, कारण फेस नीट जमेपर्यंत चेहरा ओलाच असतो. मी आंघोळ आधी आणि दाढी नंतर असा क्रम बदलला, तेवढ्यानेही मानेवरची आग पुष्कळ कमी झाली. पाणी कोमट असले की पुरते. कढत पाण्याने त्वचेवरचे तेल निघून जाते आणि मग दिवसभर चेहरा ओढल्यासारखा वाटत राहतो.

फेस करण्याची माझी पद्धत आता स्थिरावली आहे. ब्रश पाण्यात बुडवून काढायचा, दोनदा हलका झटकायचा आणि साबणाच्या वडीवर अर्धा-पाऊण मिनिट गोल फिरवायचा. सुरुवातीला मोठाले, पोकळ बुडबुडे येतात, ते निरुपयोगी असतात. थोड्या वेळाने केसांच्या टोकांवर चिकट, मळकट पांढरी लुगदी जमू लागते, तेव्हा ब्रशमध्ये पुरेसा साबण भरला असे समजावे. मग तो थेट गालावर फिरवायचा आणि मधूनमधून त्याची फक्त टोके पाण्याला लावायची. दर वेळी दोन-चार थेंब आत जातात, बुडबुडे बारीक होत होत दिसेनासे होतात आणि एका टप्प्यावर फेसाला एकदम चकाकी येते. त्या वेळी तो विरजलेल्या सायीच्या दह्याइतका दाट असतो, ब्रश उचलला की त्याचे टोक उभे राहून किंचित वाकते, आणि बोटाने गालावरून निपटला तरी खालची त्वचा निसरडीच राहते. या निसरडेपणालाच खरे महत्त्व आहे. फेसाचा जाड थर दिसायला रुबाबदार असतो, पण त्यात पाणी कमी असेल तर पाते अडखळते; उलट, जरा पातळ वाटणारा ओलसर फेस पात्याला पुढे सरकू देतो.

इथे पाण्याच्या जातीचा उल्लेख करणे भाग आहे. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणातल्या मेदाम्लांशी संयोग पावून न विरघळणारा साका तयार करतात, म्हणजे साबणाचा एक भाग फेस होण्याऐवजी वाया जातो आणि उरलेला फेस लवकर बसतो. एकाच साबणाला कुणी उत्तम आणि कुणी टाकाऊ म्हणत असेल, तर पुष्कळदा दोघांच्या नळाला येणारे पाणी वेगळे असते. शंका असल्यास एकदा शुद्ध केलेल्या मृदू पाण्यात फेस करून पाहावा. फरक पहिल्याच दिवशी कळतो. जड पाणी असलेल्यांनी साबण नेहमीपेक्षा जास्त भरून घ्यावा, एवढाच उपाय बहुधा पुरेसा ठरतो.

साबण निवडताना सुगंधापेक्षा घटकांची यादी वाचणे अधिक उपयोगी पडते. दाढीचा साबण अंगाच्या साबणाहून वेगळा असतो, कारण त्यात स्टिअरिक आम्लाचे प्रमाण जास्त ठेवतात आणि ते बऱ्याच अंशी पोटॅशियम हायड्रॉक्साइडने साबणात रूपांतरित करतात. पोटॅशियमचा साबण मऊ असतो आणि पाण्यात लवकर मिसळतो; केवळ सोडियमचा असेल तर वडी कडक होते आणि फेस सावकाश येतो. ग्लिसरीनमुळे फेसातला ओलावा टिकतो. अंगाला लावायच्या साबणाचा फेस दोन मिनिटांत गालावरच वाळतो, हे ज्यांनी प्रवासात अनुभवले आहे त्यांना या रसायनशास्त्राचे महत्त्व निराळे सांगायला नको.

ब्रशच्या बाबतीत मी परंपरेपासून थोडा ढळलो आहे. बॅजर या प्राण्याच्या केसांचा ब्रश पाणी खूप धरतो आणि जुन्या जाणकारांचा तो लाडका आहे. रानडुकराच्या केसांचा ब्रश सुरुवातीला राठ असतो, तो वापरण्याआधी भिजत ठेवावा लागतो आणि काही आठवड्यांनी त्याच्या केसांची टोके फाटून मऊ होतात. मी दोन्ही वापरून पाहिले आणि अखेर कृत्रिम तंतूंच्या ब्रशवर थांबलो. तो भिजवावा लागत नाही, लवकर वाळतो, केस गाळत नाही आणि कमी साबणात काम भागवतो. पाणी मात्र तो कमी धरतो, त्यामुळे अधूनमधून टोके ओली करावी लागतात. शिवाय प्राण्यांच्या केसांच्या निर्जंतुकीकरणाचा प्रश्नच उरत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात नीट निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांच्या ब्रशांमुळे सैनिकांना आणि नागरिकांना अँथ्रॅक्स हा जनावरांपासून पसरणारा घातक रोग झाल्याच्या नोंदी आहेत. आज ती भीती बाळगण्याचे कारण नाही, पण कृत्रिम तंतूंना नाके मुरडणाऱ्यांनी हा इतिहास एकदा आठवून पाहावा.

आता रेझरकडे वळतो. किंग कॅम्प जिलेट यांच्या पातळ, बदलता येणाऱ्या दुधारी पात्याच्या रेझरची विक्री १९०३ मध्ये सुरू झाली आणि १९०४ मध्ये त्याला अमेरिकेत पेटंट मिळाले. माझ्या हातातला रेझर तत्त्वतः तोच आहे. टोपी, बैठक आणि दांडा असे तीन भाग, मध्ये कागदासारखे लवचिक, मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याइतके जाड पाते. दांडा पिळला की टोपी पात्याला बैठकीवर दाबून कमानीसारखे वाकवते आणि त्या वाकण्यातूनच एरवी लपलपणाऱ्या पात्याला ताठपणा येतो. सव्वाशे वर्षांत या मूळ रचनेत फारसे काही बदलावे लागले नाही. पाती मात्र सुधारली. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला स्टेनलेस स्टीलची पाती बाजारात आली आणि पुढे धारेवर टेफ्लॉनसारख्या पदार्थाचा अतिशय पातळ थर देण्याची पद्धत रूढ झाली. म्हणूनच पाते कापडाने किंवा कागदाने पुसू नये, नुसते धुऊन झटकावे.

दोन पात्यांची कार्ट्रिजे १९७१ मध्ये आली, आणि त्यामागची कल्पना अशी की पहिले पाते केसाला किंचित ओढते आणि तो मागे सरकण्याआधी दुसरे त्याला आणखी खालून कापते. त्यामुळे गाल तुळतुळीत होतो हे खरे. पण कापलेला केस त्वचेच्या पातळीखाली गेला की, विशेषतः कुरळ्या केसांच्या लोकांत, तो बाहेर येताना आतल्या आतच वळतो आणि तिथे पुळी उठते. माझ्या मानेवरच्या पुळ्या एका पात्यावर आल्यानंतर जवळजवळ थांबल्या. सगळ्यांचे असेच होईल असा दावा मी करणार नाही, कारण मी त्याच सुमारास फेसही बदलला होता आणि श्रेय कोणाला किती द्यायचे हे वेगळे काढणे अवघड आहे.

वापराचे तंत्र दोनच गोष्टींवर उभे आहे: कोन आणि दाब. पाते त्वचेशी साधारण ३० अंशांचा कोन करते तेव्हा ते नीट कापते. तो शोधण्यासाठी टोपी गालाला टेकवून दांडा हळूहळू खाली आणावा. पाते केसाला लागले की बारीक खरखर ऐकू येते आणि तो कोन तसाच ठेवायचा. दाब तर मुळीच द्यायचा नाही, रेझरचे वजन पुरते. कार्ट्रिजची सवय असलेल्या हाताला हे शिकवायला वेळ लागतो, कारण तिथे रेझरचे डोके स्वतः वळते आणि दाबले तरी खपून जाते.

केसांची दिशा हा त्याहून मोठा विषय आहे आणि आश्चर्य असे की वर्षानुवर्षे दाढी करणाऱ्या माणसालाही ती सहसा माहीत नसते. एक दिवस दाढी न करता बोटे सगळीकडून फिरवून पाहिली तेव्हा कळले की गालावर केस खाली येतात, पण मानेच्या डाव्या बाजूला ते आडवे, कानाच्या दिशेने जातात आणि कंठाजवळ चक्क वर चढतात. म्हणजे तिथे वरून खाली मारलेला हात मला सुलटा वाटत असला, तरी केसांच्या दृष्टीने तो उलटाच होता. आता मी पहिला हात सुलटा, दुसरा आडवा मारतो आणि प्रत्येक हाताआधी पुन्हा फेस लावतो. उलटा हात फक्त क्वचित, तोही गालापुरता. घोटून दाढी करण्याचा हव्यास सोडला, तेव्हापासून रोज दाढी करणे त्वचेला झेपू लागले. केस दिवसाला पाव ते अर्धा मिलिमीटर वाढतात. त्यामुळे तिसऱ्या हाताने मिळवलेला गुळगुळीतपणा संध्याकाळपर्यंत तसाही उरत नाही.

पाती प्रत्येकाला वेगवेगळी मानवतात, म्हणून सुरुवातीला निरनिराळ्या पात्यांचा मिश्र संच घ्यावा आणि तो संपेपर्यंत साबण व रेझर बदलू नये. एकाच वेळी तिन्ही बदलणाऱ्याला काय मानवले हे कधीच कळत नाही. केसापेक्षा पोलाद सुमारे ५० पट कठीण असूनही धार का जाते, याचे उत्तर एमआयटी या अमेरिकी विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केले: धार नुसती झिजत नाही, तर केस कलत्या कोनात वाकून कापला जात असताना पात्याच्या कडेवरच्या सूक्ष्म दुबळ्या जागी कपची उडते. ते वाचल्यावर, केस मऊ करण्यात घालवलेली मिनिटे मला अधिकच रास्त वाटली. मी पाते ठरावीक दिवस मोजून बदलत नाही. हनुवटीखाली ओढ जाणवली की त्याच दिवशी बदलतो. वापरलेली पाती तोंड बंद करता येईल अशा पत्र्याच्या डब्यात साठवावीत. ती सुटी कचऱ्यात टाकणे म्हणजे कचरा उचलणाऱ्याच्या बोटांशी खेळ आहे.

शेवटी थंड पाण्याने तोंड धुऊन तुरटी फिरवतो. तुरटी कातडी आकसवते, बारीकसारीक रक्त थांबवते आणि एक काम तिच्या लौकिकापेक्षा अधिक चोख करते: जिथे दाब जास्त पडला असेल, तिथेच ती झोंबते. माझी उजव्या जबड्याखालची जागा बरेच दिवस झोंबत राहिली आणि त्यावरूनच तिथला कोन सुधारता आला. मद्यार्क असलेल्या आफ्टरशेव्हला दरवळ छान असतो, पण त्वचा कोरडी असलेल्यांनी साध्या मलमावर भागवावे.

तक्रारीही आहेत. वेळ दुप्पट लागतो आणि ज्यांना सकाळी श्वास घ्यायलाही फुरसत नाही त्यांना ही पद्धत जाच वाटेल. विमानात हातातल्या सामानात सुटी पाती नेता येत नाहीत, त्यामुळे छोट्या प्रवासाला मी अजूनही कार्ट्रिजच नेतो, आणि सोबत ब्रश व साबण. त्या दिवसांतही दाढी जवळपास घरच्यासारखीच होते, आणि म्हणूनच नवख्याला माझे सांगणे असते की रेझर राहू द्या, आधी ब्रश घ्या. माझा पहिला रेझर जस्ताच्या मिश्रधातूचा, वर क्रोमचा मुलामा दिलेला होता. मुलामा उडाल्यावर त्याचे आटे झिजले आणि टोपी घट्ट बसेना. दुसरा स्टेनलेस स्टीलचा घेतला, त्याला झिजण्यासारखे काही नाही. त्याचा दांडा मात्र फारच गुळगुळीत आहे आणि साबणाच्या हाताने घसरतो. त्यावर उपाय तुरटीनेच सापडला: ओली बोटे तिच्यावर एकदा घासून घेतली की दुसरा हात मारेपर्यंत पकड सुटत नाही.