पैठणीचे फोटो आणि इमेजमॅजिक : काही महिने वापरल्यावर

आधी निकाल सांगून टाकते. इमेजमॅजिक म्हणजे आज्ञा देऊन फोटो बदलणारं मोफत सॉफ्टवेअर. महिन्याला पाच-पन्नास फोटो लहान करायचे असतील तर त्याच्या वाटेला जाऊ नका. इरफानव्ह्यू हे फोटो बघायचं सॉफ्टवेअर उघडा, 'बी' दाबा, फाइली निवडा, माप टाका आणि मोकळे व्हा. माझं काम तेवढ्यात भागत नाही. येवल्यातल्या एका पैठणीच्या दुकानाची वेबसाइट मी सांभाळते. प्रत्येक साडीचा पदर, काठ, बुट्टे, घडी असे वेगवेगळे फोटो असतात, कॅमेऱ्यातून निघताना ६००० बाय ४००० पिक्सेलचे, आणि दिवाळी-लग्नसराईच्या तोंडावर ते ढिगाने येतात. शिवाय इरफानव्ह्यू घरगुती वापरापुरतंच मोफत आहे, धंद्यासाठी परवाना घ्यावा लागतो. इमेजमॅजिक दुकानालाही फुकट.

हे सॉफ्टवेअर १९८७ पासूनचं आहे, आणि ते जाणवतं. बटणं नाहीत, काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करायची. जुन्या लेखांमधली 'कन्व्हर्ट' ही आज्ञा विंडोजवर चालवू नका. त्याच नावाची विंडोजची स्वतःची आज्ञा आहे आणि तिचं काम डिस्कची फाइल सिस्टिम बदलणं हे आहे! सातव्या आवृत्तीपासून सगळं 'मॅजिक' या एकाच नावाखाली आलंय, तेच वापरा.

घाऊक कामासाठी 'मॉग्रिफाय' आहे. फोल्डरमधले सगळे फोटो एका आज्ञेत. पण ते मूळ फाइलवरच लिहितं, विचारत नाही, परत आणत नाही. 'पाथ' देऊन वेगळा फोल्डर सांगितला की मूळ फोटो सुरक्षित. इतकं धोकादायक वागणं मुळात ठेवावं का, यावर माझं मत स्पष्ट आहे : ठेवू नये.

मापासाठी मी १६०० बाय १६०० लिहून पुढे 'पेक्षा मोठं' (>) हे चिन्ह देते. त्याचा अर्थ, यापेक्षा मोठा फोटो असेल तरच लहान कर, छोट्याला ताणू नकोस. लांबी-रुंदीचं प्रमाण आपोआप राखलं जातं, त्यामुळे उभे-आडवे फोटो एकत्र टाकले तरी चालतं. हा मजकूर दुहेरी अवतरणात हवाच. नाहीतर ते चिन्ह बघून विंडोजला वाटतं की उत्तर फाइलमध्ये लिहायचंय.

आता खरी गोष्ट, रंग. साडीच्या धंद्यात फोटो थोडा पुसट असला तर गिऱ्हाईक समजून घेतं, पण फोटोतला राणी रंग घरी पोचल्यावर वेगळा निघाला तर साडी परत. इंटरनेटवरच्या निम्म्या तयार आज्ञांमध्ये 'स्ट्रिप' असतं. ते फोटोतली जादा माहिती काढून फाइल हलकी करतं, आणि त्याच झपाट्यात रंगाचं प्रोफाइलही, म्हणजे रंग कसे वाचायचे याची नोंदही, उडवतं. फोटो ॲडोबी आरजीबी या रुंद रंगपट्ट्यात काढलेला असेल, किंवा नव्या आयफोनच्या रुंद रंगपट्ट्यात, तर प्रोफाइल गेल्यावर ब्राउझर त्याला साधा एसआरजीबी, म्हणजे वेबवरच्या नेहमीच्या रंगपट्ट्यातला, समजतो आणि मोरपंखी मलूल दिसतो. त्यामुळे माझा क्रम ठरलेला : आधी 'ऑटो-ओरिएंट' (फोटो सरळ करणं), मग एसआरजीबी प्रोफाइलची फाइल देऊन रंगांचं रूपांतर, मग माप, आणि सगळ्यात शेवटी स्ट्रिप. ऑटो-ओरिएंट आधी नसेल तर फोनवरचे उभे फोटो आडवे झोपतात, कारण कॅमेरा कसा धरला होता ही नोंदही स्ट्रिप खाऊन टाकतं. तरी स्ट्रिप मी सोडत नाही. विणकरांच्या घरी मागावर काढलेल्या मोबाइलच्या फोटोंमध्ये त्या घराचा नकाशावरचा ठावठिकाणा बसलेला असू शकतो. तो वेबसाइटवर जाण्याचं काही कारण नाही.

जरीचं वेगळंच दुखणं. लहान करताना इमेजमॅजिक सहसा लँक्झॉस हा फिल्टर, म्हणजे पिक्सेल कमी करायची पद्धत, वापरतं. पदरावरचा मोर त्याने रेखीव येतो, पण चमकत्या जरीच्या कडेला कधीकधी फिकट रेघ उमटते. तिथे मी मिचेल फिल्टर देते, थोडा मऊ आहे. आणि दर्जा! जेपेगचा दर्जा ९० च्या खाली गेला की इमेजमॅजिक रंगांचा तपशील आडवा-उभा अर्धा करतं. डोंगर-समुद्राच्या फोटोत ते कळतही नाही. लाल रेशमावरच्या बारीक सोनेरी बुट्ट्यांच्या कडा मात्र फिसकटतात. जवळून घेतलेल्या फोटोंना मी 'सॅम्पलिंग-फॅक्टर' ४:४:४ देऊन, म्हणजे रंगांचा तपशील पूर्ण राखून, दर्जा ८५ ठेवते. फाइल थोडी जड होते, होऊ दे.

वेग बरा आहे, थोर नाही. मोठा फोटो पूर्ण उलगडून मेमरीत घेतल्यामुळे माझा जुना लॅपटॉप धापा टाकतो. जेपेगसाठी एक उपाय सापडला : 'डिफाइन'मध्ये जेपेगचा आकार आधीच सांगितला की फाइल वाचतानाच लहान करून घेतली जाते. वेबसाइटवरच्या साड्यांच्या यादीतल्या छोट्या चित्रांसाठी याने मोठा फरक पडतो. ज्यांच्याकडे खरोखर लाखांनी फोटो आहेत त्यांनी लिबव्हिप्स हे अशाच कामाचं दुसरं सॉफ्टवेअर बघावं, ते मेमरी फार कमी खातं.

हे सगळं एका बॅच फाइलमध्ये (आज्ञा ओळीने चालवणारी फाइल) भरून दुकानात दिलंय. तिथली मुलगी फोटो एका फोल्डरमध्ये टाकते, डबल क्लिक करते आणि चहाला जाते. वेबसाइट वर्डप्रेसवर आहे. ५.३ पासून वर्डप्रेस २५६० पिक्सेलपेक्षा मोठ्या फोटोची लहान प्रत स्वतःच करतं, पण अख्खा मूळ फोटो सर्व्हरवर तसाच पडून राहतो आणि होस्टिंगची जागा भरत जाते. म्हणून आधीच १६०० करून पाठवणं स्वस्त पडतं.

वेबपी हा वेबसाठीचा, जेपेगपेक्षा हलका फोटोचा प्रकार मी अजून अर्धवटच स्वीकारलाय. यादीतल्या चित्रांना ते उत्तम, फाइल लक्षणीय हलकी. पण नेहमीच्या वेबपीमध्ये रंगांचा तपशील अर्धा होतोच, ४:४:४ ची सोय नाही. 'शार्प-वाययूव्ही' हा रंगांच्या कडा सांभाळणारा पर्याय चालू केल्यावर कडा सुधारतात, पुरेशा नाही. त्यामुळे झूम करून बघायचे पदराचे फोटो तूर्तास जेपेगमध्येच आहेत.